कथनात्मक निबंध वाचण्याआधी वर्गात काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं?

दुसरी_घंटा

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला भाषा शिकवते. बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कथनात्मक निबंध शिकवायचा म्हटलं की आमची पद्धत ठरलेली. फळ्यावर कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ लिहायचे, मुलांनी ते वहीत उतरवून घ्यायचे. मग निवेदक, दृष्टिकोन, प्रतीक, उत्कर्षबिंदू यांच्या व्याख्या सांगायच्या आणि शेवटी वाचन. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. गेल्या वर्षी मात्र एका तासाला माझा या पद्धतीवरचा विश्वास उडाला.

वर्गासाठी मी स्वतःच एक छोटा निबंध लिहिला होता. प्रसंग साधा आहे. घरातलं किल्लीचं घड्याळ धाकट्याच्या हातून बिघडतं, तो गप्प बसतो, आणि थोरला भाऊ आळ स्वतःवर घेतो. कित्येक वर्षांनी धाकटा ते सगळं सांगतोय. त्यातला मधला उतारा देते, चर्चेला लागेल:

"बाबा रोज रात्री जेवण झालं की स्टुलावर चढत आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत. किल्ली देताना ते कोणाशी बोलत नसत. आम्हीही आपसूक गप्प होत असू. त्या रात्री ताटं उचलली गेली, दिवा मालवायची वेळ झाली, तरी बाबा खुर्चीतून उठले नाहीत. दादा म्हणे त्यांना आधीच काहीतरी सांगून आला होता. बाबांचा चेहरा निर्विकार होता. मी घाबरलो. मग मला वाटलं, विसरले असतील. तेव्हा तसंच वाटलं."

मी १८ शब्दांची यादी दिली होती, त्यात 'निर्विकार' होता. अर्थ लिहून दिला होता: 'ज्यावर कोणतीही भावना दिसत नाही असा'. वाचन झाल्यावर विचारलं, बाबांना त्या वेळी काय वाटत असेल? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, राग आला होता. का? तर पुढचंच वाक्य 'मी घाबरलो' आहे. एका मुलाने तर अगदी मनापासून विचारलं, "बाई, बाबांना काही विकार नव्हता, मग ते उठले का नाहीत?" त्याने हृदयविकारातला 'विकार' घेतला होता आणि त्याच्या परीने तो बरोबरच होता. शब्दाची फोड केली होती बिचाऱ्याने.

अर्थ वहीत होता, निबंध समोर होता, आणि दोघांची गाठ पडली नव्हती.

या वर्षी मी १८ चे ५ शब्द केले आणि एक अख्खी तासिका बहुतेक 'निर्विकार'वर घालवली. शांत, खिन्न, कठोर, निर्विकार असे चार चेहरे करून दाखवा म्हटलं. पहिले तीन जमले. चौथ्याला मुलं अडली, हसायला लागली. मग विचारलं, "मी उत्तरपत्रिका वाटतेय, तुझी हातात देताना माझा चेहरा निर्विकार आहे. तुला काय वाटेल?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नापास झालो असं वाटेल." पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मला नाही वाटणार, माझा पेपर चांगला गेलाय." दोन क्षण वर्ग शांत. मग कोणीतरी म्हणालं, "म्हणजे चेहरा तोच, पण ज्याच्या मनात जे असेल ते त्याला दिसतं."

मला अतिशय आनंद झाला. निबंध वाचल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी आपणहून सांगितलं की बाबा रागावले होते असं कुठेच लिहिलेलं नाही, मुलाच्या मनात अपराध होता म्हणून तो घाबरला.

घरी आल्यावर मात्र शंका आली. हा निबंध त्या एका शब्दावर तर उभा आहे. तो मीच आधी उघडून दाखवला, तर मुलांनी निबंध वाचला की माझी तासिका वाचली? तुम्ही काय करता? आधी किती सांगता?

समासाबाहेर

रुमाल टाकून ठेवतोय, रात्री लिहितो. तोवर एक प्रश्न. १८ चे ५ केलेत ते कशाच्या आधारावर? उरलेले १३ वाऱ्यावर सोडलेत का?

दुसरी_घंटा

सोडले नाहीत हो. 'मालवणे'सारख्या शब्दांना समासात एका शब्दात अर्थ दिला: विझवणे. झालं, पुढे चला. किल्लीचं घड्याळ, लंबक यांच्यासाठी चित्र लावलं. उरले ते निर्विकार, आपसूक, आळ, कबुली, ओशाळणे. हे पाचही पुढे कितीतरी ठिकाणी भेटणारे शब्द आहेत.

इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मांडले आहेत. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००२ साली आलं. पहिला थर रोजच्या बोलण्यातला, तिसरा एखाद्या विषयापुरता, आणि मधला थर जाणत्या माणसाच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येणारा पण घरच्या बोलण्यात क्वचित कानावर पडणारा. शिकवण्याचा वेळ मधल्या थरावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं.

त्यात मी माझी एक चाळणी जोडली आहे. शब्द काढून जवळचा सोपा शब्द घालून पाहते. 'मालवायची'च्या जागी 'विझवायची' घातलं तर निबंधाचं फारसं काही जात नाही. 'निर्विकार'च्या जागी 'शांत' घातलं तर प्रसंगच बदलतो.

समासाबाहेर

चाळणी आवडली, वापरणार.

आता माझं म्हणणं. 'संदर्भावरून अर्थ ओळखा' हे आपण इतक्या सहज सांगतो की जणू प्रत्येक वाक्य अर्थ हातात ठेवायलाच बसलेलं असतं. याच बेक बाईंचा सहकाऱ्यांबरोबरचा १९८३ चा एक लेख आहे. त्यात संदर्भाचे चार प्रकार केले आहेत आणि त्यातला एक चक्क दिशाभूल करणारा. तुमचा उतारा त्याचं चोख उदाहरण आहे. 'चेहरा निर्विकार होता. मी घाबरलो.' इथे संदर्भ मुलांना ओढून 'रागीट'कडेच नेणार. मुलं चुकली नाहीत, आपण शिकवलं तसंच वागली. कथनात्मक निबंधात हे फार होतं, कारण निवेदक स्वतःच गोंधळलेला असतो आणि त्याच्या गोंधळातून आपण शब्दाचा अर्थ काढायला जातो.

अशा शब्दासाठी मी फ्रेयरचा चौकोन वापरतो. डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात तो तयार केला. चार खाने असतात: व्याख्या, वैशिष्ट्यं, उदाहरणं, आणि उदाहरण नसलेल्या गोष्टी. बहुतेक वर्गांत पहिले तीन खाने भरतात आणि चौथ्यात काहीतरी टाकून मोकळे होतात. माझ्या अनुभवात खरी शिकवण चौथ्या खान्यात होते. अट एकच, तिथे अगदी जवळची गोष्ट हवी. 'निर्विकार'च्या चौथ्या खान्यात 'हसरा' लिहून काय मिळणार? 'शांत' लिहा आणि मग भांडू द्या मुलांना. शांत माणसाच्या मनात शांतता असते. निर्विकार चेहऱ्यामागे काय आहे ते कळतच नाही. हा फरक मुलांच्या तोंडून निघाला की शब्द त्यांचा झाला.

कानामात्रा

ताई, धागा वाचून राहवलं नाही. निवृत्त आहे, पण शब्द सुटत नाहीत.

तुमच्या उताऱ्यात मुलांना अडवणारे खरे शब्द यादीत येतच नाहीत, कारण ते कठीण दिसत नाहीत.

पहिला 'म्हणे'. 'दादा म्हणे त्यांना आधीच काहीतरी सांगून आला होता.' मुलं हे वाचतात 'दादा म्हणाला' असं. वाक्याचा अर्थच उलटतो! 'म्हणे' म्हणजे मी पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी कानावर आलं. निवेदक तिथे नव्हता, हे या दोन अक्षरांनी कळतं. निवेदकाला किती माहीत आहे हा मोठा साहित्यिक प्रश्न आपण व्याख्येने शिकवतो, आणि आपली भाषा तो 'म्हणे', 'असावा', 'असेल', 'बहुधा' यांच्यात रोज सोडवत असते. 'विसरले', 'विसरले असतील', 'विसरले असावेत', 'विसरले म्हणे' ही चार वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा, यातल्या कोणाला खात्री आहे? कोणी पाहिलं? कोण अंदाज करतंय? पाच मिनिटांत निवेदकाची विश्वासार्हता शिकवून होते, आणि तो जड शब्द उच्चारावाही लागत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. 'चढत', 'देत', 'बोलत नसत', 'होत असू'. हा रीतिभूतकाळ. आजची मुलं बोलताना तो जवळजवळ वापरत नाहीत, 'चढायचे', 'द्यायचे' म्हणतात. त्यामुळे 'बाबा स्टुलावर चढत' वाचलं की त्यांना वाक्य अर्धवट वाटतं, पुढे 'होते' छापायचं राहिलंय असं वाटतं. मी स्वतः ऐकलंय, मुलं मोठ्याने वाचताना आपल्या पदरचं 'होते' घालतात. आणि मग उताऱ्याचा कणाच मोडतो. कारण हा उतारा चालतो कसा? आधी रोज काय होई ते रीतिभूतकाळात, मग 'त्या रात्री', आणि लगेच साधा भूतकाळ: 'उठले नाहीत'. रोजचं थांबलं आणि प्रसंग सुरू झाला, तो नेमका या क्रियापदाच्या सांध्यावर. ज्याला सांधा ऐकू येत नाही, त्याच्यासाठी बाबांचं न उठणं ही घटनाच नाही. एक माणूस खुर्चीत बसून राहिला, त्यात काय मोठं?

म्हणून मी वाचनाआधी दहा मिनिटं फक्त हे करायची. 'रोज' ने सुरू होणारी तीन वाक्यं लिहा, ए-त-ऊ ची जुनी रूपं वापरून: बसे, बसत, बसू. मग 'एक दिवस' लिहून चौथं वाक्य. मुलांना मजा वाटते, कारण चौथ्या वाक्याला आपोआप काहीतरी घडवावंच लागतं.

तिसरं, 'आम्ही' आणि 'आपण'. पण ते पुन्हा कधीतरी, बोटं दुखली.

समासाबाहेर

कानामात्रा, +१००. 'म्हणे' कधी डोक्यातच आलं नव्हतं. 'आम्ही-आपण'चंही लिहाच.

पाटीपेन्सिल

माझा मुद्दा छोटा आहे. किल्लीचं घड्याळ कशाला म्हणतात हेच न पाहिलेल्या मुलाला 'किल्ली दिली नाही' याचा परिणाम कळेल कसा? घड्याळ काही वेळाने बंद पडणार, ही गोष्ट निबंधात लिहिलेली नाही, वाचकाला ती माहीत आहे असं धरलंय.

१९८८ सालचा रेक्ट आणि लेस्ली यांचा प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळाची माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी सरस ठरली. खेळ माहीत असणं वाचनकौशल्यालाही भारी पडलं. त्यामुळे घड्याळाचं चित्र नुसतं लावू नका. स्प्रिंग गुंडाळली जाते, ती हळूहळू सुटते, सुटून संपली की काटे थांबतात, एवढं हाताने दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे, चुकवू नका.

वाचनखूण

मी शिक्षक नाही. वाचक आहे, आणि शाळेत ज्याला वाचनाची गोडी लागता लागता राहिली होती असा वाचक आहे. म्हणून थोडं विरोधी लिहितो, राग नसावा.

ताई, तुमच्या शंकेचं उत्तर माझ्या मते 'हो' आहे. तुम्ही ते आधी दाखवून टाकलंत. उत्तरपत्रिकेचं उदाहरण सुंदर आहे. इतकं सुंदर की त्यानंतर निबंधाकडे देण्यासारखं काही उरलं नाही. मुलांनी निबंधात तुमचं उदाहरण ओळखलं. ओळखणं आणि सापडणं यात मला फार अंतर वाटतं.

आमच्या वर्गात प्रत्येक धड्याआधी इतकी तयारी व्हायची की धडा सुरू होईपर्यंत तो होऊन गेलेला असायचा. शेवट काय, प्रतीक कशाचं, लेखकाला काय म्हणायचंय, सगळं आधी. कोणत्याही वाक्यावर चपापण्याची सोयच नव्हती. पुढे एकदा सुट्टीत कोणी न शिकवलेला एक निबंध हातात पडला. अर्धे शब्द कळले नाहीत, शेवट तर चार दिवस कळला नाही. पण ते चार दिवस मला अजून आठवतात. चुकीचं वाचण्याचा तो हक्क मुलांना राहू द्या.

पाटीपेन्सिल

वाचनखूण, तुम्ही चार दिवस विचार करत राहिलात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटतील, आणि त्यांच्या आयुष्यात ते चार दिवस कधी येणारच नाहीत. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी अडखळणं गोड असतं.

वाचनखूण

हे मान्य करतो. माझ्या घरात पुस्तकं होती, ही गोष्ट मी विसरलो होतो.

तरी प्रश्न उरतोच. मुलाला दारापर्यंत आणायला जे लागतं ते आधी द्या. आतलं सगळं आधी कशाला?

अर्धविराम

दोघांच्या मधोमध एक कसोटी सुचवतो. प्रत्येक शब्दाला, प्रत्येक संकल्पनेला हा प्रश्न विचारा: लेखकाने ही गोष्ट वाचकाकडे आधीपासून आहे असं गृहीत धरलंय, की ती तो स्वतः निबंधात घडवणार आहे? गृहीत धरलेलं सगळं आधी द्यायचं, अजिबात हात आखडायचा नाही. किल्लीचं घड्याळ, रीतिभूतकाळ, 'म्हणे', 'आळ' शब्दाचा अर्थ. जे निबंध स्वतः घडवतो त्याला हात लावायचा नाही. निर्विकार चेहऱ्यावर अपराधी माणूस स्वतःची भीती वाचतो, हे ताईंच्या निबंधाने घडवलेलं आहे. म्हणून त्यात मी वाचनखूण यांच्या बाजूने. 'निर्विकार'चा अर्थ मात्र गृहीत धरलेला आहे, त्यात मी ताईंच्या बाजूने. शब्द शिकवा, शांत आणि निर्विकार यातला फरक शिकवा, आणि तिथे थांबा. उत्तरपत्रिका आत्ता पाठीमागे लपवा.

साहित्यिक संकल्पनांबद्दल थोडं, कारण धाग्यात त्या मागे पडल्या आहेत.

'उत्कर्षबिंदू शोधा' हे मी कथनात्मक निबंधापुरतं बंद केलं. चढण, शिखर, उतार अशी जी आकृती आपण काढतो ती जर्मन लेखक गुस्टाव फ्रायटाग याने १८६३ मध्ये नाटकांसाठी मांडली, पाच अंकी नाटकांसाठी. ती आपण प्रत्येक गद्यावर चढवतो. ताईंच्या उताऱ्यात सगळ्यात मोठी घटना कोणती? बाबा उठले नाहीत. म्हणजे काहीच घडलं नाही! शिखर शोधणारं मूल हे ओलांडून पुढे जाईल आणि घड्याळ मोडल्याच्या वाक्यावर झेंडा रोवेल.

त्याऐवजी माझ्या मते एकच संकल्पना आधी पक्की हवी: सांगणारा मी आणि भोगणारा मी. कथनात्मक निबंधात 'मी' एकच दिसतो, पण असतात दोन. फ्रेंच अभ्यासक झेरार जेनेट याने १९७२ मध्ये कथनाचा विचार करताना 'कोण बोलतंय' आणि 'कोण पाहतंय' हे दोन प्रश्न वेगळे काढले. ते दोन प्रश्न मी शब्दशः वर्गात नेतो, त्याचं नाव न घेता. 'विसरले असतील' हे कोण पाहतंय? लहान मुलगा. 'तेव्हा तसंच वाटलं' हे कोण बोलतंय? मोठा झालेला माणूस. आणि 'तसंच' मधला तो 'च' काय सांगतो? की आता तसं वाटत नाही. आता काय वाटतं ते तो सांगत नाही. निबंध त्या न सांगितलेल्या जागेत आहे.

तयारी म्हणून मी मुलांना पाच वर्षांचे असताना कशाला घाबरायचात त्यावर तीन वाक्यं लिहायला सांगतो, त्याच वयाच्या समजुतीने. मग आजच्या वयाने एकच वाक्य. नंतर जोडणारा शब्द अधोरेखित करायचा: तेव्हा, पुढे कळलं, आज वाटतं, खरं तर. एका मुलीने लिहिलं होतं, "पंख्याच्या आवाजात कोणीतरी माझं नाव घेतं. ते दिवसा गप्प असतं. आई आली की थांबतं. आज वाटतं, आई यावी म्हणूनच ते बोलत असेल." बारा-तेरा वर्षांची मुलगी! यानंतर तिला दोन 'मी' समजावायला व्याख्या लागेल का?

सूचकतेसाठी तर दूर जायलाच नको. अभिधा, लक्षणा, व्यंजना आपण व्याकरणाच्या तासाला घोकून घेतो आणि गद्य वाचताना विसरतो. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ११व्या शतकात दिलेलं उदाहरण अजून तितकंच कामाचं आहे: 'सूर्य मावळला.' मी हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि चिठ्ठ्या वाटतो. एकाच्या चिठ्ठीवर मजूर, एकाच्या गुराखी, एकाच्या प्रवासी, एकाच्या मुलाची वाट पाहणारी आई. प्रत्येकाने त्या वाक्यातून आपल्याला काय ऐकू आलं ते सांगायचं. काम थांबवा. गुरं वळवा. मुक्काम शोधा. अजून कसा आला नाही? वाक्य तेच, शब्दही तेच. यानंतर 'बाबा खुर्चीतून उठले नाहीत' हे वाक्य दादाला काय सांगतं आणि धाकट्याला काय, हे विचारायला रस्ता मोकळा होतो. आणि हे करताना निबंधातलं काहीही फुटत नाही, कारण सराव पूर्ण वेगळ्या वाक्यावर झाला.

कानामात्रा

'उत्तरपत्रिका पाठीमागे लपवा' हे पटलं.

'आम्ही-आपण' राहिलं होतं ते सांगून टाकते. 'आम्हीही आपसूक गप्प होत असू.' इथे वाचक बाहेर आहे, तो त्या घरातला नाही. निबंधाच्या शेवटाकडे लेखक अनेकदा 'आपण' वर येतो: 'आपण असे गप्प राहतो तेव्हा...' तिथे त्याने वाचकाचा हात धरलेला असतो. किती भाषांना हा फरक एका शब्दात करता येत नाही, आणि आपल्याला तो फुकट मिळालाय. मुलांना एवढंच सांगायचं, 'आपण' दिसला की थांबा आणि पाहा, लेखक तुम्हाला कुठे नेतोय, आणि तुम्हाला तिथे जायचंय का.

पाटीपेन्सिल

ज्यांची घरची भाषा वेगळी आहे त्या मुलांचं काय, हेही कोणी तरी बोला. माझ्या वर्गात अशी बरीच आहेत.

समासाबाहेर

पॉल नेशन यांनी हू यांच्याबरोबर २००० साली दुसऱ्या भाषेत कथा वाचणाऱ्यांवर अभ्यास केला. मदतीशिवाय नीट समजायचं तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ५० शब्दांत एकच अनोळखी. ताईंच्या उताऱ्यातले अनोळखी शब्द त्या मुलांच्या नजरेने मोजा, आकडा सहज पाच-सहावर जाईल. अशा मुलांना समासातले अर्थ भरपूर द्यावेत, 'चढत = चढायचे' हेसुद्धा लिहावं. यात लाज कसली? त्यांची बुद्धी निबंधासाठी मोकळी राहू दे.

मोठ्याने वाचून दाखवण्याबद्दल मात्र सावध राहा. मी पूर्वी आधी पूर्ण निबंध वाचून दाखवायचो. मग लक्षात आलं, 'तेव्हा तसंच वाटलं' म्हणताना माझा आवाज खाली जातो आणि वर्गाला सगळं कळतं. माझं वाचनच अर्थ सांगून मोकळं होत होतं. आता पहिलं वाचन त्यांचं, मनातल्या मनात. त्यानंतर मी.

दुसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा-बारा दिवस लागले, कारण दुसऱ्या तुकडीवर करून पाहायचं होतं.

असं केलं. वाचनाआधीच्या तासिकेला फक्त गृहीत धरलेल्या गोष्टी: घड्याळाची स्प्रिंग, 'रोज' ची तीन वाक्यं, 'म्हणे'ची चार वाक्यं, आळ आणि कबुली, आणि दोन 'मी' साठी लहानपणच्या भीतीचं लेखन. 'निर्विकार' समासात, एका ओळीत. चेहरे नाहीत, उत्तरपत्रिका नाही. मग मुकाट्याने पहिलं वाचन, आणि 'बाबांना काय वाटत होतं?' याचं उत्तर वहीत एका वाक्यात. कोणाशी बोलायचं नाही.

गेल्या वर्षीसारखंच झालं. बहुतेकांनी लिहिलं, राग आला होता. खरं सांगते, वह्या बघताना माझा धीर सुटत आला होता. सवय अशी की चूक दिसली की लगेच खडू हातात येतो. तो खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शांत विरुद्ध निर्विकार आणि मग उत्तरपत्रिकेचा प्रश्न. निबंधाचं नावसुद्धा घेतलं नाही. त्यानंतर म्हटलं, आता निबंध पुन्हा वाचा. तीन-चार मिनिटांनी कागदांची सळसळ सुरू झाली. मुलं मागचं पान उलटून कालचं वाक्य शोधत होती. कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांचं झालं असं नाही. सात-आठ जण 'राग'वरच राहिले. त्यातल्या दोघांनी बाजूही मांडली, की राग असल्याशिवाय रोजचं काम माणूस सोडत नाही. तो मुद्दा वाईट नाही, मी तो फळ्यावर ठेवलाय. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या एका मुलीने 'चढत = चढायचे' हे समासात पाहून पुढचे तीन शब्द स्वतःच तसे बदलून लिहिले होते, ते पाहून फार बरं वाटलं.

आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने कालच्या वाक्यावर काट मारून खाली लिहिलं होतं: "बाबा रागावले नव्हते. मलाच तसं वाटलं." मी विचारलं, 'मलाच' म्हणजे कोणाला, निबंधातल्या मुलाला की तुला? तो म्हणाला, "दोघांना."

वाचनखूण

ताई, एक विनंती. ते काट मारलेलं वाक्य तसंच राहू द्या. नीटनेटकी वही हवी म्हणून पुसायला लावू नका.

दुसरी_घंटा

नाही पुसणार. पहिलं उत्तर पेननेच लिहायचं, असं आधीच सांगितलं होतं.